कोकोडा २००९ आणि मडांग २०११: जंगलातले दोन विमान अपघात, जे एक समजले जातात

पापुआ न्यू गिनीतल्या विमान अपघातांबद्दल वाचायला घेतलं की दोन घटना हमखास एकमेकींत मिसळलेल्या सापडतात. एक ११ ऑगस्ट २००९ची, कोकोडाजवळची. दुसरी १३ ऑक्टोबर २०११ची, मडांगजवळची. घोळ होण्यासारखंच आहे म्हणा. दोन्ही विमानं एअरलाइन्स पीएनजी या एकाच कंपनीची (२०१५ पासून हीच कंपनी पीएनजी एअर नावाने ओळखली जाते). दोन्ही कॅनडाच्या डी हॅविलँडची, दोन इंजिनांची, प्रोपेलरवर चालणारी. नोंदणी क्रमांकातही फरक शेवटच्या अक्षरापुरता: पी२-एमसीबी आणि पी२-एमसीजे. दोन्हींचे अवशेष झाडीत मिळाले. दोन्हींचा तपास अखेर वैमानिकांच्या निर्णयांपाशी जाऊन थांबला, त्यामुळे ‘वैमानिकाची चूक’ हा शिक्काही दोघांवर बसला. माझ्या मते खरा गोंधळ या शिक्क्यानेच घातला आहे, कारण अपघात म्हणून या दोन घटनांमध्ये जवळजवळ काहीच सारखं नाही.

आधी तिथल्या परिस्थितीबद्दल दोन शब्द. पोर्ट मोर्सबी ही राजधानी, पण तिथून देशातल्या लाए किंवा माउंट हेगनसारख्या मोठ्या शहरांना जोडणारा रस्ताच नाही. मधे ओवेन स्टॅन्ली पर्वतरांग आडवी पडलेली. भाजीपाला, औषधं, शिक्षक, पेशंट सगळं विमानाने जातं, आणि ती विमानं लहान असतात, कारण धावपट्ट्या लहान असतात.

२००९चं विमान ट्विन ऑटर होतं. साधारण एकोणीस प्रवाशांचं, चाकं कायम बाहेर असलेलं, आखूड पट्टीवर उतरण्यासाठीच बनवलेलं दणकट यंत्र. पोर्ट मोर्सबीहून कोकोडाला निघालेल्या या विमानात दोन वैमानिक आणि अकरा प्रवासी होते. प्रवाशांत नऊ ऑस्ट्रेलियन. बहुतेक जण कोकोडा ट्रॅकवर चालायला आलेले. १९४२ साली ऑस्ट्रेलियन आणि जपानी सैन्य याच ९६ किलोमीटरच्या पायवाटेवर लढलं, म्हणून ऑस्ट्रेलियातून लोक तिथे जवळजवळ यात्रेच्या भावनेने येतात. विमान डोंगररांग ओलांडून कोकोडाच्या खिंडीत शिरलं. पलीकडे खाली कोकोडाची धावपट्टी. खिंडीत ढग साचलेले होते आणि वैमानिक नजरेच्या भरवशावर त्यातून वाट काढत खाली उतरत होते. सुमारे ५८०० फूट उंचीवर, इसुरावा गावाजवळ, विमान झाडीने भरलेल्या उतारावर आदळलं. तेराही जण गेले. अवशेष दुसऱ्या दिवशी सापडले.

या विमानात तपासकर्त्यांना कोणताही यांत्रिक दोष आढळला नाही, आणि या अपघाताचा सगळा अर्थ त्यातच आहे. इंजिनं चालू, विमान पूर्ण ताब्यात, आणि तरीही ते डोंगरात गेलं. विमानवाहतुकीत या प्रकाराला ‘कंट्रोल्ड फ्लाइट इनटू टेरेन’ म्हणतात, थोडक्यात सीएफआयटी. वैमानिकाला शेवटच्या क्षणापर्यंत काही बिघडलंय हे कळत नाही, म्हणून अशा अपघातांत मदतीची हाक बहुधा जातच नाही. आपल्याकडेही याचं उदाहरण आहे. ७ जुलै १९६२च्या रात्री अलितालियाचं डीसी-८ मुंबईला उतरायला येताना जुन्नरच्या डोंगरात धडकलं आणि ९४ माणसं गेली. विमान आकाराने कितीतरी मोठं, पण प्रकार तोच. आपण मुंबईच्या खूप जवळ आलो आहोत असं समजून वैमानिक वेळेआधीच खाली उतरू लागला होता. सीएफआयटीला जंगल लागतं असं नाही. डोंगर आणि ढग, किंवा डोंगर आणि अंधार, एवढं पुरतं.

कोकोडाच्या विमानात ना कॉकपिटमधलं बोलणं टिपणारा रेकॉर्डर होता, ना उड्डाणाची नोंद ठेवणारा. त्या आकाराच्या विमानाला तो सक्तीचा नव्हता. त्यामुळे वैमानिक खिंडीत शिरताना आपसात काय बोलले, किती वेळ घुटमळले, परत फिरायचा विचार केला का, हे ऐकायला काही उरलंच नाही. हा अहवाल अवशेष, हवामान आणि इतरांच्या जबान्यांवर उभा आहे.

मडांगचा अहवाल याच्या अगदी उलट. तिथे दोन्ही रेकॉर्डर मिळाले.

ते विमान डॅश ८, ट्विन ऑटरच्या जवळपास दुप्पट प्रवासी नेणारं. लाएहून संध्याकाळी मडांगला निघालेलं. त्यात २९ प्रवासी, दोन वैमानिक आणि एक केबिन क्रू. प्रवाशांत बरेचसे पालक होते. मडांगच्या डिव्हाइन वर्ड युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलांच्या समारंभाला चाललेले.

ढग टाळता टाळता खाली उतरायला उशीर झाला, म्हणून उतार तीव्र ठेवला गेला आणि वेग वाढत गेला. वेगमर्यादा ओलांडल्याचा इशारा वाजला. त्याच सुमारास दोन्ही पॉवर लिव्हर (इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे दांडे) मागे ओढले गेले, आणि नको तितके मागे गेले.

इथे जरा थांबून लिव्हरची रचना समजून घेतली पाहिजे. डॅश ८च्या लिव्हरला मागे एक अडसर असतो, ‘फ्लाइट आयडल गेट’. हवेत असताना लिव्हर याच्या पुढेच राहायला हवेत. खटका उचलल्याशिवाय ते अडसरामागे जात नाहीत. अडसरामागे जो टप्पा आहे त्याला ‘बीटा’ म्हणतात आणि तो जमिनीवर वापरायचा: प्रोपेलरची पाती जवळजवळ सपाट होतात आणि विमानाला ब्रेकसारखी थोपवतात. धावपट्टीवर हे उपयोगाचं. पण आकाशात, भरधाव वेगात पाती सपाट केली की इंजिन प्रोपेलर फिरवेनासं होतं. समोरून येणारी हवाच प्रोपेलरला गरागरा फिरवते आणि प्रोपेलर इंजिनाला. घाट उतरताना एकदम पहिला गिअर टाकला की इंजिन जसं किंचाळतं, तसं. मडांगच्या विमानात दोन्ही प्रोपेलरचे फेरे कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांहून जास्त वर गेले. डाव्या इंजिनाची आतून नासधूस झाली. उजव्या प्रोपेलरची पाती एका स्विचमधल्या बिघाडामुळे, कोणी आज्ञा न देता, हवेला कड दाखवून उभी राहिली. तशी उभी पाती विमानाला पुढे ओढत नाहीत. थोडक्यात, सुमारे दहा हजार फुटांवर दोन इंजिनांचं विमान ग्लायडर झालं.

कोकोडाला वैमानिकांना काही कळलं नव्हतं. इथे त्यांना काही मिनिटं सगळं कळत होतं. मडांगच्या टॉवरला मेडे कॉल, म्हणजे मदतीची हाक, गेला. जमीन समोर दिसत होती आणि तिच्यावर उतरायचंच होतं. विमान मडांगपासून ३३ किलोमीटर आग्नेयेला, गुआबे नदीच्या मुखाजवळच्या विरळ झाडीत टेकलं, पण तेव्हा चाकं आणि फ्लॅप (कमी वेगातही विमान तोलून धरणाऱ्या, पंखांमागच्या झडपा) दोन्ही वरच होते आणि वेग ताशी सुमारे २१० किलोमीटर होता. फ्लॅप खाली असते तर वेग बराच कमी करता आला असता, आणि अहवालाने नेमकं यावर बोट ठेवलं आहे. विमान तुटलं, पेटलं. दोन्ही वैमानिक, केबिन क्रू आणि एक प्रवासी वाचले. २८ प्रवासी गेले. पापुआ न्यू गिनीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विमान अपघात.

म्हणजे या दोन घटनांत जंगलाची भूमिकाच वेगळी आहे. कोकोडाला हिरवा उतार हे कारणाचं अंग होतं: ढगाआड लपलेला डोंगर नसता तर अपघात नव्हता. मडांगला जंगल फक्त खाली होतं. अपघात वर आकाशातच घडून गेला होता, आणि विरळ झाडीची सपाट जागा मिळाली हे त्यातल्या त्यात बरंच म्हणायचं. खाली कोकोडासारखा उभा उतार असता तर त्या चौघांपैकीही कोणी वाचलं नसतं असं मला वाटतं.

‘यांत्रिक बिघाड की मानवी चूक’ हा आपल्या बातम्यांचा आवडता प्रश्न इथे कामाला येत नाही. मडांगला इंजिनं निकामी झाली, पण ती माणसाच्या हातून. आणि तो हात तिथवर पोचू शकला हे यंत्राच्या रचनेमुळे. खटका उचलला तरी हवेत लिव्हर बीटात जाऊच नये असं कुलूप उपलब्ध होतं. अमेरिकेत डॅश ८ विमानांना ते आधीपासून सक्तीचं होतं, इतरत्र नव्हतं. या अपघातानंतर कॅनडाच्या नियामकाने ते जगभरच्या डॅश ८साठी बंधनकारक केलं. मला हा उपाय फार समाधानकारक वाटतो. माणसाला ‘सांभाळून’ म्हणण्यापेक्षा वाटच बंद केली.

कोकोडाच्या प्रकाराला असं कुलूप नाही. जमीन जवळ आली की ओरडणारी यंत्रणा आहे आणि मोठ्या विमानांतले सीएफआयटी तिने खूपच कमी केले. पण अरुंद खिंडीतून रोज ये-जा करणाऱ्या विमानाला दोन्ही बाजूंनी जमीन कायमच जवळ असते. यंत्रणा रोजच ओरडते आणि कान सरावतात. नेपाळमध्ये २४ फेब्रुवारी २०१६ रोजी पोखराहून जोमसोमला निघालेलं तारा एअरचं ट्विन ऑटर नवंकोरं होतं आणि त्यात ही यंत्रणा होती. ती वाजलीही. नेहमीचंच म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झालं, विमान ढगात शिरून डोंगरावर आदळलं आणि २३ जण गेले.