न्हावा-शेवा बंदर आणि साडेबारा टक्क्यांचा गुंता

उरणच्या मोरा-करंजा या बंदरांतल्या गलबतांचा काळ जुना, पण उरणमध्ये आज गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून जे धुमसते आहे त्याची मुळे 1970 नंतरच्या भूसंपादनात आहेत. मुंबईच्या जुन्या गोद्या शहराच्या गर्दीत अडकल्या, जहाजे नांगर टाकून खोळंबू लागली, म्हणून घारापुरीच्या पलीकडे न्हावा-शेवा हे नवे बंदर काढायचे ठरले. 26 मे 1989 ला ते सुरू झाले.

त्याआधी 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जमिनीच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. पुढे जे ‘साडेबारा टक्के’ पदरात पडले, त्याची किंमत ही आहे.

या शब्दाचा घोळ अजून मिटलेला नाही. साडेबारा टक्के म्हणजे पैसे नव्हेत. जेवढी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. एक हेक्टर भातशेती गेली तर कागदावर 1,250 चौरस मीटर. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात. हातात उरतात 875.

बंदराच्या बाबतीत तर हेही अडले. निर्णय राज्याचा, बंदर केंद्राचे. भूखंड द्यायचा कुणी आणि कुठून, यातच वर्षे गेली. 16 ऑगस्ट 2014 ला पंतप्रधानांच्या हस्ते वाटपाची पत्रे दिली गेली, म्हणजे बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षे उलटल्यावर. तोवर जमीन देणारी पिढी म्हातारी झाली होती, एकेका सातबाऱ्यावर वारसांची रांग लागली होती.

आणि ज्यांचा सातबाराच नव्हता? बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याची उपजीविका खाडीवर होती, आणि खाडी कुणाच्या नावावर नसते. त्यांना हनुमान कोळीवाडा म्हणून जी जागा दिली, तिथे वाळवी लागली. चौकटी, वासे, कपाटे पोखरून निघाली. आपल्या मते बंदराच्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक हीच, भूखंडाच्या वादापेक्षाही मोठी.

मालाची वाढ मात्र थांबली नाही. 1999 मध्ये देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल इथेच चालू झाले, 2006 आणि 2018 मध्ये आणखी दोन आली. 2022 मध्ये बंदराने स्वतःचे टर्मिनलही खासगी हाती दिले. आता त्याची भूमिका जमीनमालकाची. साहजिकच नोकरीत स्थानिकांचा वाटा मागायचा कुणाकडे, हा प्रश्न आणखी अवघड झाला. 2024-25 मध्ये सुमारे 73 लाख वीसफुटी कंटेनर एवढी हाताळणी झाली.

आता पालघरमध्ये वाढवणला 76,200 कोटींचे बंदर मंजूर झाले आहे. ते समुद्रात भराव टाकून उभे राहणार, आणि तिथले मच्छीमार त्याविरुद्ध उभे आहेत. साडेबारा टक्क्यांचे माप त्यांना लावता येत नाही. हनुमान कोळीवाड्यालाही ते लागले नव्हते.