आपल्या घराच्या वर्किंग ड्रॉइंगचा संच : शीटची मांडणी आम्ही कशी ठरवतो

महापालिकेचा मंजूर नकाशा हाती आला की, आता त्यावरूनच काम सुरू करता येईल, असे अनेक ग्राहकांना वाटते. परंतु १:१०० प्रमाणातील तो नकाशा परवानगीसाठी असतो. गवंडी, सुतार, प्लंबर आणि फॅब्रिकेटर यांना लागणारी मापे त्यावर नसतात. ती वर्किंग ड्रॉइंगमध्ये दिलेली असतात. या संचात इतक्या शीट कशासाठी आणि सगळे एकाच मोठ्या कागदावर का बसवत नाही, हे आम्हाला वारंवार विचारले जाते, म्हणून हे माहितीपत्रक.

रेखाटन सुरू करण्यापूर्वी आम्ही शीटची यादी तयार करतो. जुळे सोलापुरातील ३० बाय ५० फुटांचा प्लॉट घेतला, तर १:५० प्रमाणात तो कागदावर साधारण १८३ बाय ३०५ मिलिमीटर होतो. ए-२ कागद ४२० बाय ५९४ मिलिमीटरचा असल्याने तळमजला व पहिला मजला शेजारी-शेजारी बसतात खरे. पण डावीकडे फायलिंगसाठी २० मिलिमीटर आणि उजवीकडे शीर्षकपट्टी सोडल्यावर मापांच्या ओळी दाटीवाटीने लिहाव्या लागतात. प्रत्येक बाजूला आम्ही मापांच्या तीन ओळी देतो : पहिली दारे-खिडक्यांच्या जागांची, दुसरी भिंतींची व खोल्यांची, तिसरी एकूण लांबीची. त्यांचा मेळ तिथल्या तिथे लावता यावा, म्हणून एका शीटवर एकच मजला काढतो आणि प्रत्येक मजला कागदावर त्याच जागी ठेवतो, जेणेकरून एकावर एक शीट धरून उजेडात पाहिले की कॉलमवर कॉलम येतो की नाही, हे आपल्यालाही तपासता येते. ए-१ कागदावर जागा अधिक मिळते. मात्र उघड्या स्लॅबवर वाऱ्यात तो एकट्या मिस्त्रीला धरवत नाही.

जिना, संडास-बाथरूम व स्वयंपाकाचा ओटा १:२० प्रमाणात, तर चौकटीचे बारकावे १:५ प्रमाणात स्वतंत्र शीटवर येतात. सेक्शन, म्हणजे घर उभे कापल्यावर आत जसे दिसेल तसे चित्र, शक्यतो जिन्यातून घेतला जातो, कारण पायरीची उंची, लँडिंग आणि बीमखालून डोक्याला मिळणारी जागा तिथेच कळते. सेक्शनमध्ये दाखवलेला पाया केवळ कल्पना येण्यासाठी असतो. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत तो किती खोल न्यायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या शीटवरच पाहावे.

एक माप एकाच जागी लिहायचे, हा नियम आम्ही ठेच लागल्यावर केला. पूर्वी एका कामात खिडकीची रुंदी प्लॅनवरही होती आणि दारे-खिडक्यांच्या मापांच्या तक्त्यातही. मालकांनी बदल सांगितल्यावर आम्ही प्लॅनवर पाच फूट केले, तक्त्यात चारच राहिले. गवंड्याने प्लॅन पाहिला, फॅब्रिकेटरने तक्ता पाहिला. चूक दोघांचीही नव्हती, ग्रिल मात्र पुन्हा करावे लागले आणि त्याचा खर्च आम्ही सोसला. आता प्लॅनवर फक्त 'ख-३' अशी खूण असते, माप तक्त्यात असते.

शीटचे क्रमांक सलग न देता गटांनी देतो : १०० पासून प्लॅन, २०० पासून सेक्शन व दर्शनी बाजू, ३०० पासून बारकावे. मध्येच एखादी शीट वाढली, तरी बाकीचे क्रमांक हलत नाहीत. क्रमांक, प्रमाण, तारीख व सुधारणा-क्रमांक उजव्या कोपऱ्यात खाली असतात आणि कागद ए-४ आकारात घडी घातल्यावर तो कोपरा वरच दिसावा, अशी घडी आम्हीच घालून देतो.

झेरॉक्सबाबत विशेष विनंती आहे. ए-२ शीट ए-३ वर लहान करून काढली, तर १:५० चे प्रमाण सुमारे १:७१ होते, जे कोणत्याच स्केलपट्टीवर सापडत नाही. पट्टी लावून मोजल्यास दहा फुटांची खोली जेमतेम सात फूट एक इंच भरते. म्हणून लिहिलेले माप वाचावे, कागदावर मोजू नये. मोबाइलवर आलेल्या फोटोवरून तर काम मुळीच करू देऊ नये.

बदल झालेली शीट 'आर-१', 'आर-२' असा क्रमांक घालून येते व बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ असते. 'बांधकामासाठी' असा शिक्का असलेली नवी शीट साइटवर देताना जुनी शीट मिस्त्रीकडून परत घ्यावी आणि ती आमच्या कार्यालयात जमा करावी. आम्ही तिच्यावर 'रद्द' असे लिहून ती आपल्याच फाइलमध्ये ठेवतो.