एका नॅनोसेकंदाचा उशीर आणि बेळगावचं आभाळ

जानेवारीत पहाटे टिळकवाडीत धुकं उतरलं की मोबाइल सांगतो, आर्द्रता ९५ टक्के. मेमधल्या दुपारी तोच मोबाइल ४० टक्के दाखवतो आणि आपण म्हणतो, हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात उलट घडलेलं असतं. १४ अंशांची हवा वाफेने पूर्ण भरली तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम १२ ग्रॅम पाणी मावतं. ३५ अंशांना ४० टक्क्यांतच ते १६ ग्रॅमच्या घरात जातं. शिवाय ही झाली जमिनीलगतची हवा. डोक्यावरच्या अख्ख्या आभाळात वाफ किती, ते कसं मोजायचं?

जुना आणि अजूनही भरवशाचा मार्ग फुग्याचा. फुग्याखाली रेडिओसोंड नावाची हलकी डबी लटकते, सेकंदाला पाचेक मीटरने वर जाते आणि फुगा तीसेक किलोमीटरवर फुटेपर्यंत तापमान, दाब, आर्द्रता कळवत राहते. (अशी डबी उसाच्या फडात पडलेली दिसली तर लगेच हेरगिरीची आवई उठवू नये.) पण फुगे सोडायचे ते आपल्या घड्याळाने पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. वळीव भरून येतो दुपारी तीनला!

इथे जीपीएस कामाला येतं. सुमारे २०,२०० किलोमीटरवरच्या उपग्रहांचे रेडिओ संदेश हवेत शिरले की किंचित मंदावतात. जमीन मोजणाऱ्यांच्या लेखी ही चूक. संशोधक मायकेल बेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं की या चुकीतूनच वाफ मोजता येते.

आता जरा नेट लावून वाचा. सगळ्यात वरच्या आयनांच्या थरातला उशीर फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो, म्हणून १५७५.४२ आणि १२२७.६ मेगाहर्ट्झचे दोन संदेश ताडून तो काढून टाकता येतो. खालच्या हवेतला उशीर मात्र दोन्हींना सारखाच, तिथे ही युक्ती चालत नाही. पण त्यातला मोठा भाग डोक्यावरच्या हवेच्या वजनावर, म्हणजे वायुदाबावर ठरतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. दाब सुमारे ९३० हेक्टोपास्कल. त्यावरून हा भाग २.१ मीटर निघतो (उशीर इथे अंतरात सांगतात: तेवढ्या वेळात प्रकाश जितका पुढे गेला असता तितका). डेअरीत भरल्या कॅनमधून रिकाम्या कॅनचं वजन वजा करतात, तसा तो वजा करायचा. उरतो तो वाफेमुळे झालेला उशीर.

वाफ इतकी अडवते का? पाण्याच्या रेणूला ऑक्सिजनकडे ऋण आणि हायड्रोजनकडे धन अशी दोन टोकं असतात. लहरीचं विद्युत क्षेत्र बदलेल तसा तो वळू पाहतो. नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंना अशी टोकंच नाहीत. त्यामुळे आभाळातली सगळी वाफ पाणी होऊन खाली आली आणि एक मिलिमीटर भरली, तर तिचा उशीर साडेसहा मिलिमीटर. पावसाळ्यात ४५ मिलिमीटर वाफ असेल तर २९ सेंटिमीटर, वेळेत सांगायचं तर जवळपास एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. रिसीव्हरच्या घड्याळाची चूक सगळ्या उपग्रहांना सारखीच लागते; ती यात मिसळू नये म्हणून कलते उपग्रहही घेतात. क्षितिजापासून १० अंशांवरच्या उपग्रहाचा संदेश साडेपाच पटींहून जास्त हवेतून येतो.

खिशातल्या मोबाइलला हे झेपत नाही, त्याची जागाच काही मीटरनी चुकते. ‘जीपीएसने पाऊस ओळखा’ म्हणणारी अ‍ॅपं आणि मृगाचं वाहन बेडूक की कोल्हा यावरून सांगितलेला पाऊस, दोन्ही मी एकाच खणात ठेवतो. पक्क्या खांबावरचा दुहेरी फ्रिक्वेन्सीचा रिसीव्हर लागतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तो आहे.

तरी जीपीएस फक्त एकूण बेरीज देतं. कोणत्या उंचीवर किती वाफ, हे फुग्यालाच विचारावं लागतं. आणि बेरीज म्हणजे पाऊस नव्हे. बेळगाव जिल्ह्यातल्या, सह्याद्रीतल्या कणकुंबीला जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे डोक्यावरच्या वाफेच्या दुपटीहून जास्त. कारण अरबी समुद्रावरचा वारा नवी वाफ आणत राहतो आणि सह्याद्री तिला वर ढकलतो. त्याच जिल्ह्यातल्या अथणीवर वाफ असूनही ती उचलणारा डोंगर नाही.