‘आयएनएस’ न लागलेल्या बोटी

मे 2014 मध्ये जुनी ‘विक्रांत’ मुंबईच्या नौदल गोदीतून दारूखान्याकडे भंगारात निघाली, तेव्हा तिची इंजिनं कधीच थंडावली होती. ओढून नेलं ते टगांनी, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या, दणकट बोटींनी. फोटो छापून आले ते ‘विक्रांत’चे, टगांची नावं आज विचारली तर कुणाला सांगता येणार नाहीत.

युद्धनौका ‘कमिशन’ होते, म्हणजे समारंभाने नौदलाच्या सेवेत दाखल होते, नावाआधी ‘आयएनएस’ लागतं, निवृत्तीला बँड वाजतो. बंदरातला टग मात्र नौदलाच्या भाषेत नुसता ‘यार्डक्राफ्ट’, म्हणजे गोदीतली कामाची बोट. त्यावर सहसा नौसैनिक नसतात. सारंग (बोट चालवणारा), लस्कर (दोर सांभाळणारा खलाशी), इंजिन ड्रायव्हर असे मुलकी नोकर असतात. खोल समुद्रात जाणारे ‘गज’, ‘मातंग’ हे टग तेवढे अपवाद, त्यांना ‘आयएनएस’ मिळालं.

1735 मध्ये जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि इथली गोदी उभी राहू लागली. शिडांच्या त्या काळात गोदीत जहाज घ्यायचं म्हणजे भरतीची वाट पाहायची, मग दोर लावून माणसांनी आणि वल्ह्यांच्या होड्यांनी ओढायचं. वाफ आली आणि वाऱ्याची मिनतवारी संपली. याच गोदीत बांधलेली 411 टनांची ‘ह्यू लिंडसे’ मार्च 1830 मध्ये मुंबईहून सुएझला निघाली. नाव झालं ते तिचं. पण बंदराचं रोजचं काम बदललं ते वाफेच्या टगांनी.

जुन्या टगाला बहुधा मागे पाण्यात फिरणारा एकच पंखा (प्रॉपेलर). जहाजाला बांधलेला दोर आडवा ताणला गेला आणि टगाला वेळेत वळता आलं नाही, तर तो उलटण्याची भीती असायची. पुढे फॉइथ-श्नायडर (बोटीच्या तळाशी उभ्या पात्यांचं फिरतं चक्र) आणि सर्व दिशांना फिरणारे पंखे आले, तेव्हा टग जागच्या जागी गोल फिरू लागला. टगाची ताकद मोजायची रीत मात्र साधी आहे: धक्क्यावरच्या खुंटाला दोर बांधायचा, इंजिन पूर्ण ताकदीने चालवायचं, किती टन ओढ येते ते बघायचं. नौदलाने 2021 मध्ये 25 टन ओढीच्या टगांचा करार केला तो याच मापाने.

बाकी काम अजून हाताकानाचंच. जहाजाला बंदरात वाट दाखवणारा पायलट वॉकीटॉकीवर सांगतो, सारंग हँडल किंचित हलवतो. दोर कडकडायला लागला की लस्कर न सांगता बाजूला होतो, कारण तुटलेला दोर माणूस बघत नाही. लॉगबुकात मात्र दोनच ओळी उतरतात: दोर कधी बांधला, कधी सोडला.