थबकलेली आघातलाट: ताऱ्यांच्या स्फोटाच्या संगणकीय प्रतिमानांची पार्श्वभूमी

सूर्याच्या दहा-पंधरापट वस्तुमानाच्या ताऱ्याच्या पोटात शेवटी लोहाचा गाभा साठतो. लोह जाळून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे हा गाभा सूर्याच्या सुमारे १.४ पट जड झाला की सेकंदाच्या काही अंशात कोसळतो. घनता दर घनसेंटीमीटरला २० कोटी टनांच्या पुढे गेली की अणुकेंद्रीय बलामुळे तो उसळी घेतो आणि आघातलाट बाहेर निघते.

खरी अडचण इथून सुरू होते. लाट वर चढताना लोहाची केंद्रके फोडत जाते. सूर्याच्या वस्तुमानाच्या दहाव्या हिश्शाएवढे लोह फोडायलाच नेहमीच्या सुपरनोव्हाच्या (ताऱ्याच्या अशा स्फोटाच्या) साऱ्या स्फोट-ऊर्जेहून जास्त खर्च येतो. साहजिकच ही लाट केंद्रापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास थबकते.

तिला पुन्हा जोर देण्याचे काम न्यूट्रिनो (पदार्थातून बहुतेक न अडखळता निसटणारे अतिसूक्ष्म कण) करतात, ही कल्पना १९६६मध्ये कोलगेट आणि व्हाइट या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडली. १९८५मध्ये बेथे आणि विल्सन यांनी त्यात दुरुस्ती केली: ही ऊर्जा लगेच नव्हे, तर सुमारे अर्ध्या सेकंदाने कामी येते. १९८७मध्ये शेजारच्या आकाशगंगेतल्या स्फोटाचे दोन डझन न्यूट्रिनो पृथ्वीवर टिपले गेले. कोसळण्यातून सुटणारी बहुतेक सारी ऊर्जा तेच नेतात, स्फोटाला शंभरातला जेमतेम एक भाग पुरतो. म्हणून हिशेबात थोडी चूक झाली, तरी निकाल उलटतो.

२००० नंतर न्यूट्रिनोंचे वहन काटेकोर मोजणारी एकमितीय प्रतिमाने (ज्यांत सारे काही फक्त केंद्रापासूनच्या अंतरानुसार बदलते) आली आणि लोहगाभ्याचे तारे त्यांत फुटेनात. अशा गोलाकार सममितीत उकळी येतच नाही. खालचा तापलेला वायू वर गेला, तरच न्यूट्रिनोंनी दिलेली उष्णता लाटेपर्यंत पोहोचते. द्विमितीय प्रतिमानांत ही उकळी १९९०च्या दशकातच दिसली होती, पण तिथे दुसरी फसगत होती: दोन मितींत छोटे भोवरे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि लाटेला ढकलतात. तीन मितींत मोठे भोवरे तुटून बारीक होतात. द्विमितीय स्फोटांवर म्हणूनच फारसा विसंबून राहू नये.

त्रिमितीय गणित महाग पडते. त्यासाठी ताऱ्याचे जाळीसारखे छोटे कप्पे पाडतात; प्रकाश ३०० मीटरचा कप्पा एका मायक्रोसेकंदात (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात) ओलांडतो. न्यूट्रिनोही जवळपास त्याच वेगाने जातात, त्यामुळे कालपाऊल (गणित एका वेळी जितका काळ पुढे सरकते तो) त्याहून लहान ठेवावे लागते आणि एका सेकंदासाठी दहा लाखांवर पावले होतात. शिवाय गोलीय जाळीत ध्रुवाजवळचे कप्पे निमुळते होऊन पाऊल आणखी आखडते.

२०१५मध्ये न्यूट्रिनो-वहनासह त्रिमितीय स्फोट मिळाले. त्यानंतर काही गटांनी गणिताची सुरुवातच मागे नेली: कोसळण्याआधीची काही मिनिटे, जेव्हा ऑक्सिजनचा थर खदखदत असतो. त्या खदखदीतले चढउतार आघातलाटेवर आदळले की तिच्यामागची उकळी जोर धरते.