दाढ दुखतेय, सीपीआरला जायचं की क्लिनिकला?

गेल्या जानेवारीत शेतावर ऊस सोलताना माझ्या खालच्या दाढेचा टवका उडाला. आमच्याकडं अशा वेळी हळहळ नंतर, आधी "ऊस कुठला हुता?" हे विचारतात. त्यानंतरचा प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: सरकारीत (आमच्या कोल्हापुरात म्हणजे सीपीआर रुग्णालयात) दाखवणार की खासगीत? शेजारचे काका म्हणाले, सरकारीत नुसतं उपटतात. ऑफिसातला मित्र म्हणाला, खासगीत नुसतं कापतात, दाढ न्हवं, खिसा.

दोघंही अर्धे बरोबर. पण दोघांनी डॉक्टरांत फरक धरला होता, आणि फरक तिथं नाहीच. दोन्हीकडं खुर्चीमागं उभा असतो तो बीडीएस झालेलाच: चार वर्षं कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप, दंत परिषदेची नोंदणी. कित्येकदा तर तोच माणूस, नोकरी सोडून दवाखाना टाकलेला. फरक पडतो तो तुमचं काम किती खेपांचं आहे यावर.

एका खेपेचं काम म्हणजे दाढ काढणं. हलणारी, मुळापर्यंत किडलेली, वाचायची शक्यता नसलेली दाढ काढायची असेल तर मी डोळे झाकून सरकारी रुग्णालय म्हणेन. केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं, नंबर आला की भुलेचं इंजेक्शन, आणि कापूस चावून घरी. तिथं दिवसभर दाढा काढणारा हात बसलेला असतो. शिवाय आजी-आजोबांना साखर असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ती आधी सांगायचीच. सीपीआरसारख्या ठिकाणी मेडिसिनचे डॉक्टर त्याच आवारात मिळतात, हा फायदा गल्लीतल्या कुठल्याच क्लिनिकला नाही. (वरची दाढ काढली की डोळा जातो, हे अजूनही लोक मला शपथेवर सांगतात. जात नाही. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी.)

इथं एक घोळ नेहमी होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात सगळं फुकट, असं आपण ऐकलेलं असतं. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं यांच्यासाठी. सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, खातं वैद्यकीय शिक्षणाचं. त्यामुळं तिथल्या खिडकीवर पावती फाडायला सांगितली तर भांडायला उठू नका. रक्कम क्लिनिकच्या मानानं नाममात्रच असते.

आता अनेक खेपांचं काम. माझ्या दाढेची नस उघडी पडली होती, म्हणजे रूट कॅनाल. यात डॉक्टर दाढेला वरून भोक पाडतात आणि केसाएवढ्या सुया, त्यांना फाईल म्हणतात, मुळातल्या नळ्यांत घालून आतली नस खरवडून काढतात. खालच्या दाढेला अशा नळ्या बहुधा तीन, कधी चार. प्रत्येक नळीची लांबी मोजायची, धुवायची, सुकवायची, मग रबरासारखा मसाला ठासून बंद करायची. दर टप्प्याला छोटा एक्स-रे. एका दाढेमागं तास-तास जातो. बाहेर रांग लागलेली असताना सरकारी डॉक्टरनं हा वेळ आणायचा कुठनं? काही ठिकाणी करतातही, पण तारीख लांबची मिळते. आणि ठणकणाऱ्या दाढेला तारीख कळत नाही. "सरकारीत उपटतात" हे वाक्य इथनं आलंय.

म्हणून मी खासगीत गेलो. गावातल्या एका क्लिनिकमध्ये साडेचार हजार सांगितले, मी हो म्हटलं. पहिल्या खेपेतच ठणका गेला, आणि कोल्हापुरी शहाणपणा सुचला: दुखायचं थांबलं, मग कशाला जायचं? दुसरी तारीख चुकवली. वर भरलेलं तात्पुरतं सिमेंट तीन आठवड्यांत झिजलं, गाल सुजला, पुन्हा पहिल्यापासून फाईल. नस काढली की दुखणं जाणारच, दुखायला आत काही उरलेलंच नसतं. जंतू मात्र उरतात.

दुसरा धक्का शेवटी. साडेचार हजार फक्त रूट कॅनालचे. कॅप वेगळी, आणि धातूची, सिरॅमिक की झिर्कोनिया यावर आकडा दुप्पट-तिप्पट. लबाडी नव्हती ती, मीच विचारलं नव्हतं. पोकळ झालेली दाढ कॅपशिवाय उभी चिरू शकते, आणि मग बहुधा काढावीच लागते. तेव्हा क्लिनिकमध्ये "रूट कॅनालचे किती?" असं विचारू नका. "कॅपसकट, एक्स-रेसकट, सगळं मिळून किती?" असं विचारा. आणि काम कोण करणार तेही. बऱ्याच क्लिनिकला रूट कॅनालचे एमडीएस (बीडीएसच्या वर शिकलेले तज्ज्ञ) सर ठरलेल्या वारीच येतात. तुम्ही भलत्याच वारी गेलात तर नुसती गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परत याल. मेडिक्लेमच्या भरवशावर तर राहूच नका. दातांची साधी ट्रीटमेंट त्यात सहसा बसत नाही, अपघातात जबडा मोडून अ‍ॅडमिट झालात तर गोष्ट वेगळी.

या दोन्हींच्या मधला रस्ता लोकांच्या लक्षातच येत नाही: डेंटल कॉलेज. आपल्या जिल्ह्यात वाठारच्या पुढं नवे पारगावला एक आहे, सांगलीकडंही आहेत. मालकी खासगी, पण विद्यार्थ्यांना शिकायला पेशंट लागतात, म्हणून दर क्लिनिकपेक्षा बरेच कमी. हात शिकाऊ, पण प्रत्येक टप्पा वरचे सर बघून सही करतात तेव्हाच पुढं सरकतो. पैसे वाचतात, दिवस जातात. पगार कापला जाणाऱ्यानं हा हिशेब आधी मांडावा. रिकामा वेळ असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मात्र ही जागा सोन्यासारखी.

आईची कवळी मी अशाच एका कॉलेजात करून घेतली. पाच खेपा झाल्या. चौथ्या खेपेला गुलाबी मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायचे असतात. शिकाऊ मुलीनं आरसा धरला, आई म्हणाली, "एवढे पांढरे नकोत गं, लोक काय म्हणतील." मुलीनं निमूटपणे पिवळट सेट आणला. क्लिनिकमध्ये एवढी सवड कुणी दिली असती असं वाटत नाही.

त्याच मुलीनं आईच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा पकडला. चाळीस वर्षांची मिश्री. बोटानं पुसून बघितला, पुसला जाईना, तशी सरांना बोलावून घेऊन आली. तुकडा काढून तपासला, सुदैवानं कॅन्सर-बिन्सर काही निघालं नाही. घरात मिश्री, मावा, गुटखा असेल तर तीन बोटं उभी तोंडात जातात का एवढं आजच बघा. जात नसतील तर सरकारी की खासगी हा वादच नको, जे जवळ असेल ते गाठा.

मिश्रीची डबी आईनं स्वतः टाकून दिली. कवळी रोज रात्री वाटीतल्या पाण्यात असते. भडंग खाताना मात्र ती अजूनही काढून ठेवते, म्हणते चव लागत नाही.