छोट्या कुत्र्याची मोठ्या कुत्र्यांशी ओळख : पालकांसाठी माहितीपत्रक

पॉमेरियन, शित्झू, पग किंवा डॅशहंड घेऊन आमच्या डे-केअरला येणारे पालक बहुधा पहिल्यांदा हेच विचारतात, की इथले मोठे कुत्रे रागीट आहेत का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. 3 किलोच्या पॉमेरियनला 30 किलोच्या लॅब्रॅडॉरच्या रागापेक्षा त्याच्या वजनाची भीती जास्त. खेळाच्या भरात पाठीवर पंजा आदळला तरी बरगडी मोडू शकते. डॅशहंडची पाठ लांब असते, त्याच्या मणक्यातली चकती सरकण्याचा धोका मुळातच जास्त. पग आणि शित्झूचे डोळे उथळ खोबणीत असतात. मानेचं कातडं जोरात ओढलं गेलं तर डोळा बाहेर येऊ शकतो. म्हणून ‘आमचा काही करत नाही हो’ हे समोरच्याचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं, तरी त्यावर विसंबू नका.

दुसरा धोका पाठलागाचा. छोटा कुत्रा घाबरून पळाला किंवा केकाटला, की एरवी गरीब असलेल्या कुत्र्याचीही शिकारीची मूळ वृत्ती जागी होते. मग तो पकडतो आणि झटकतो. दोन-तीन मोठे कुत्रे एकत्र असले की हे आणखी लवकर होतं. सुरुवातीला एका वेळी एकच मोठा कुत्रा, हा आमचा नियम त्यासाठीच आहे.

भेटीआधी

पिल्लाचे लसीचे डोस साधारण 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होतात आणि 16 आठवड्यांपर्यंत चालतात. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांमध्ये जमिनीवर सोडू नका. तोवर कडेवर घेऊन रस्ता, रिक्षांचे आवाज, लांबून दिसणारे कुत्रे दाखवा. हेही सामाजिकीकरणच आहे आणि ते या वयात व्हायलाच हवं. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे.

गळ्यातला पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यापुरता ठेवा आणि दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला लावा. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते, गळ्याला सतत ओढ बसली की घोगरा, ठसकेदार खोकला मागे लागतो. हार्नेस आणि अंग यांच्यात दोन बोटं जायला हवीत. त्याहून सैल असेल तर घाबरलेला कुत्रा मागे सरकत त्यातून निसटतो. दोरी दीड ते दोन मीटरची, साधी. गुंडाळी होणारी रोलर दोरी नको, ती पायांत अडकते आणि ऐन वेळी कुत्रा लांब गेलेला असतो.

ओळख कशी करून द्यायची

जागा दोघांनाही परकी हवी. तुमचं घर नको, त्यांचंही नको. सोसायटीचं गुळगुळीत फरशीचं पार्किंगही नको, कारण घसरून गुडघ्याची वाटी सरकते आणि हा त्रास छोट्या जातींत आधीच बराच आढळतो. मोठ्या कुत्र्याला आधी अर्धा तास फिरवून आणायला सांगा.

दोघांना दोन माणसांनी धरून 10 ते 12 मीटर अंतरावरून एकाच दिशेने चालवायचं. समोरासमोर आणायचं नाही. दोघंही इकडेतिकडे हुंगू लागले, दोऱ्या सैल राहिल्या, की अंतर हळूहळू कमी करा. याला दहा मिनिटं लागतील किंवा तीन दिवस. मग मागून किंवा बाजूने हुंगू द्या, मनात तीन मोजा आणि आनंदी आवाजात दोघांनाही परत बोलवा. असं तीन-चार वेळा झालं की त्या दिवसापुरतं पुरे.

मोठा कुत्रा तोंड मिटून, अंग ताठ करून एकटक पाहत असेल किंवा मान खाली घालून दबकत येत असेल, तर भेट तिथेच थांबवा. पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर करणं, मध्येच थांबणं, आळीपाळीने पळणं हे खऱ्या खेळाचं लक्षण. तुमचा कुत्रा शेपूट पोटाशी घेऊन तुमच्या पायांमागे लपत असेल, तर ‘शिकेल आपोआप’ म्हणून त्याला पुढे ढकलू नका. तो शिकेल, पण भ्यायला शिकेल.

खाऊ, हाडं आणि चीं-चीं वाजणारी खेळणी या भेटीत नकोत. दिवाळीत फटाक्यांनी सगळेच कुत्रे बिथरलेले असतात, तेव्हा नव्या ओळखी टाळा.

उचलायचं असेल तर लवकर उचला: एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, छातीशी घट्ट धरून पाठ फिरवा. मोठा कुत्रा जवळ आल्यावर घाईघाईने वर उचलून धरलं, की तो उडी मारतो.

पकडलंच तर

आपल्या कुत्र्याला ओढू नका, कातडी आणि स्नायू फाटतात. तोंडांच्या मध्ये हात घालू नका. दुसऱ्या माणसाने मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांपाशी धरून वर उचलावेत. पकड सुटली की त्याला मागे न्यावं आणि लगेच बांधावं.

जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी व्हेटकडे न्या. केसांखाली दाताची दोन बारीक भोकं दिसतात आणि आत झटकल्यामुळे स्नायू चिरडलेले, कधी फुफ्फुसाला इजा झालेली असते. धाप लागली, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा पोट ताठ झालं, तर तासाभराचीही वाट पाहू नका. डोळा बाहेर आला असेल तर आत ढकलू नका. स्वच्छ ओलं फडकं हलकेच धरून तसेच निघा. रेबीजची लस आधी दिलेली असली, तरी चावल्यानंतरच्या डोसबद्दल विचारा. सोडवताना तुम्हाला दात किंवा नख लागलं असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि स्वतःही दवाखान्यात जा.

आमच्याकडे पहिल्यांदा येताना

लसीकरणाचं कार्ड, बसणारा हार्नेस आणि घरातला वास असलेली एक चादर आणा. गोचिडांचं औषध दिलं असेल तर त्याची तारीख सांगा. नाश्ता निदान दोन तास आधी झालेला असावा. पहिल्या दिवशी छोटे कुत्रे जाळीच्या अलीकडे आणि मोठे पलीकडे असतात. जाळी कधी उघडायची हे तुमच्या कुत्र्याकडे पाहून ठरवतो, त्यामुळे तारीख आधी सांगता येत नाही.